खिळ्यावरचा मग

१

गिडिअन लातेगानचा खुनी कोण हे ठरवायला आमच्या लोकांना अर्धा दिवससुद्धा लागला नाही. टेबलावर पत्र्याचा मग होता, तेवढा पुरला.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ओकर्ट त्रुटरने. ओकर्ट हा आमच्या मार्थादाल गावचा लिलाववाला. मेंढरं, लोकर, मेलेल्या माणसांची कपाटं असं सगळं तो विकतो आणि बातम्या मात्र फुकट वाटतो. आमच्याकडे, केपटाऊनच्या मुलखात, ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. कडक थंडी, बाहेर जमिनीवर दवाचा पांढरा बर्फ झालेला. मेंढे बघायला म्हणून तो सकाळीच गिडिअनच्या, रीटकोल्कच्या शेतावर गेला, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला आणि म्हातारा गिडिअन त्याला चुलीपाशी पालथा पडलेला दिसला. डोकं मागून फुटलेलं, शेजारी चुलीतले निखारे सारायचा लोखंडी गज.

मी या भागातला डॉक्टर, नेथलिंग. गिडिअन माझा मित्र होता. मी पोचलो तेव्हा त्याचा पुतण्या रेनिअर आधीच तिथे उभा होता. शेजारचं शेत त्याचं, आणि आमच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या गस्ती टोळीचा, कमांडोचा, म्होरक्याही तोच. कमांडो म्हणजे बंदुका, उघड्या गाड्या आणि वायरलेस. आमच्या पणजोबांच्या वेळेसही याला कमांडोच म्हणायचे, फक्त तेव्हा गाड्यांच्या जागी घोडे असत.

"काल दुपारीच गेलाय," मी प्रेत तपासून म्हणालो.

"दुपारी कॉफीच्या वेळेला," रेनिअर म्हणाला. "बघा की डॉक्टरकाका, टेबलावरच लिहिलंय."

टेबलाशी गिडिअनच्या जागेवर निळ्या फुलांचा चिनी मातीचा कप होता, अर्धा प्यायलेला. समोरच्या जागेवर पत्र्याचा मग. आमच्याकडे प्रत्येक शेतघराच्या मागच्या दाराबाहेर खिळ्याला असा एक मग टांगलेला असतो. मजुराला कॉफी त्यातून मिळते आणि ती त्याने पायरीवर बसून प्यायची असते. मी मगात डोकावलो. काठोकाठ थंड कॉफी, आतल्या बाजूला चिकटलेलं, कॉफीतून जेमतेम वर डोकावणारं मातीचं ढेकूळ. मजुराचाच मग तो, माती असायचीच, असं मनात म्हणून मी हात पुसले.

"काकांचं मन फार मऊ," रेनिअर म्हणाला. "थंडीचं आत घेतलं असेल त्या साइअसला. आणि त्यानं काय केलं बघा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात!"

साइअस बूइसन हा गिडिअनचा मेंढपाळांचा मुकादम. त्याचा बाप, त्याची आजी, सगळे रीटकोल्कवरच जन्मले आणि तिथेच मेले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण तेवढ्यात रेनिअरच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला आणि कुणीतरी हसत म्हणालं, "सापडला."

२

साइअसला त्यांनी माझ्या दवाखान्यात आणलं ते उघड्या गाडीच्या मागे, मेंढराच्या कातड्यांवर टाकून. रेनिअर त्यांच्यात नव्हता, तो काकाच्या प्रेतापाशी थांबून वायरलेसवर हुकूम सोडत होता. बाकी सगळे मात्र माझ्या ओळखीचे. रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसणारे, दोघांना तर या जगात मीच आणलंय.

"पडला गाडीतून," एक जण म्हणाला.

जबडा मोडला होता, ओठ फाटून लोंबत होता, एक कान सुजून बंद झाला होता. गाडीतून पडलेल्या माणसाच्या पाठीवर बुटाच्या टाचा उमटत नाहीत हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. "बरं," असं म्हणून मी हात धुतले.

ओठ शिवताना साइअसने दोनदा माझं मनगट धरलं. मोडक्या जबड्यातून तो काहीतरी बोलू बघत होता, अगदी जिवाच्या आकांताने.

"बोलू नकोस साइअस, टाके सुटतील," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मनगट सोडलं. संध्याकाळी डोक्यातली सूज वाढली, त्याची शुद्ध गेली. दाराशी पोलिस बसवला. वाचला तर खुनाचा खटला, नाही वाचला तर खड्डा. गावाला दोन्ही चालणार होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरातून तपासाला माणूस आला. माणूस कसला, बाई. इन्स्पेक्टर मागदालेना अरेन्डसे. गव्हाळ वर्ण, आखूड केस, हातात स्वतःचा थर्मास. तिची आई शेतावरच्या स्वयंपाकघरांत राबलेली, हे तिने पहिल्या पाच वाक्यांत सांगून टाकलं, म्हणजे कुणी मागून शोधायला नको.

साइअसच्या पलंगापाशी ती बराच वेळ उभी राहिली.

"तो काय म्हणतो, डॉक्टरसाहेब?"

"परवाच्या दुपारी लांबच्या कुंपणात एक मेंढी अडली होती, तिला सोडवत होतो, अंधार पडताना आलो तर घर बंद, असं म्हणाला म्हणे कमांडोवाल्यांना. कुणाचा विश्वास बसला नाही. टेबलावर त्याचा मग होता ना."

"हो, मग," ती म्हणाली. "सगळे मगाचंच बोलतायत. तो अजून आहे का कुठे, की घासून ठेवलात?"

३

घासून ठेवायच्याच बेतात होते. चौकीवरच्या पोरसवदा शिपायाला तो मग घाण वाटत होता, पण सुदैवाने आळस आडवा आला. इन्स्पेक्टरने कॉफी बशीत हळूहळू ओतली. आतलं ढेकूळ पेन्सिलीने खरवडलं. मातीची नळी होती ती, भिजून अर्धी विरघळलेली, आणि तिच्यातून कोळ्यांचे वाळके पाय गळून पडले.

"हे काय आहे, डॉक्टरसाहेब?"

"कुंभारमाशीचं घर," मी म्हणालो. "पोरांसाठी कोळी साठवते ती."

"तुमच्या घरी आहे का असा मग?"

"आहे."

"त्याच्यात असलं काही आहे?"

"छे! कात्रीन रोज त्यातनंच पिते, लख्ख असतो," मी म्हणालो आणि पुढचे शब्द गिळले. कात्रीन आमच्याकडे स्वयंपाकाला आहे. तिच्या हातचं मी रोज चाटूनपुसून खातो.

इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढी दया तिने केली.

"कुंभारमाशी उन्हाळ्यात घर करते," ती म्हणाली. "आत्ता थंडीत माशी औषधालासुद्धा सापडायची नाही. म्हणजे हे घर नाताळाच्या सुमाराचं. तेव्हापासून हा मग नुसताच खिळ्यावर लटकतोय. शिवाय कॉफी काठोकाठ, एक घोटही कुणी घेतलेला नाही. कुणीतरी तो खिळ्यावरून काढला, आत न बघता त्यात कॉफी ओतली आणि टेबलावर मांडला. बघायचं कशाला? मजुराचा मग, माती असायचीच."

माझ्याच मनातलं वाक्य तिच्या तोंडून ऐकून माझे कान तापले.

"आता मला दोन गोष्टी सांगा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात रीटकोल्कवर काय झालं? आणि मग नाही, तर साइअस इतके महिने कॉफी पीत होता कशातून?"

४

पहिलं मला ठाऊक होतं, कारण गिडिअनने मलाच बोलावलं होतं.

रीटकोल्क म्हणजे वेताच्या काठाचा पाण्याचा डोह. आसपासच्या सगळ्या खडकाळ रानात तेवढंच कायमचं पाणी, म्हणून तर शेत तिथे वसलं. डिसेंबरात नळाचा चर खणताना काठाला हाडं लागली. पुष्कळ हाडं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी गळ्याशी तसेच ओवलेले. एका लहान कवटीत मला शिशाची गोळी सापडली आणि ती मी गिडिअनच्या तळहातावर ठेवली.

लातेगानांच्या घरात दर नवीन वर्षाला एक गोष्ट सांगतात. पणजोबांना डोहाकाठी वेतात एक अनाथ पोर सापडली, पणजोबांनी तिला दयाळूपणाने घरी आणलं, वाढवलं, कामाला लावलं. त्रेन तिचं नाव. साइअसच्या आजीची आई ती. तळहातावरच्या गोळीकडे बघत गिडिअन म्हणाला होता, "सापडली म्हणे! सापडली कशी, नेथलिंग? तिच्याभोवती तिचीच माणसं मरून पडली होती की. आमच्याच कमांडोनं मारलेली."

त्या नवीन वर्षाला त्याने गोष्ट खरी सांगितली, सगळ्या कुटुंबासमोर. रेनिअर ताट सारून उठला आणि निघून गेला. आता या गुरुवारी वकील येणार होता. डोह आणि भोवतीची जमीन साइअसच्या घरच्यांच्या नावे व्हायची होती. उरलेलं शेत गिडिअनच्या मुलीला नको होतं, रिवाजाप्रमाणे ते पुतण्याला जाणार. पण पाण्यावाचून रीटकोल्क म्हणजे नुसते दगड.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"ओकर्टला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ओकर्टकडेच निघालं. तो आधी छताकडे बघत बसला, मग घसा खाकरला.

"बाई, मेलेल्या माणसाचं असं बोलू नये."

"जिवंत माणूस मरायला टाकलाय, त्याचं बोला."

"मी महिन्यातनं एकदा जायचो तिकडे. साइअस आत बसायचा, खुर्चीवर, टेबलाशी. आणि साराच्या... म्हणजे गिडिअनच्या बायकोच्या निळ्या कपांतनं प्यायचा. आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, गिडिअन, डोकं ठिकाणावर आहे ना? तर मला म्हणतो, तुला बसायचं तर बस, नाहीतर पायरी रिकामी आहे."

"मग प्रेत सापडलं त्या दिवशी टेबलावर पत्र्याचा मग बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

ओकर्ट लाल झाला. "वाटलं ना. वाटलं, म्हातारा शेवटी शुद्धीवर आला."

इन्स्पेक्टरने वहीचं पान उलटलं. मी जमिनीकडे बघत होतो.

"रेनिअरला तुम्ही काय काय सांगितलंत?"

"वकील येणार ते सांगितलं. खुनाच्या आदल्या दिवशीच." मग तो ताठ बसला. "कपांचं नाही सांगितलं हां! कुणालाच नाही. तेवढी लाज मला आहे."

५

रेनिअरच्या बैठकीत भिंतीवर पणजोबा होते. दाढी, बंदूक, मांडीवर पवित्र ग्रंथ. खाली काचेत त्यांचा खोगिराचा पट्टा ठेवलेला. आम्हा सगळ्यांच्याच घरी असले पणजोबा आहेत, माझे जिन्यात आहेत.

रेनिअरची बायको लिझेट कॉफी आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आतून कपाट उघडल्याचा, मिटल्याचा, पुन्हा उघडल्याचा आवाज येत होता. शेवटी आली तेव्हा आमच्यासाठी सोनेरी कडेचे कप होते आणि इन्स्पेक्टरपुढे एक कोरा जाडजूड मग. इन्स्पेक्टरने तो उचलून खाली पाहिलं. बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

"नवाकोरा! खास माझ्यासाठी का?" तिने विचारलं.

लिझेट बिचारी रडवेली होऊन आत गेली. इन्स्पेक्टरने आपला थर्मास काढला.

"तुमचे काकांशी संबंध कसे होते, रेनिअरसाहेब?"

"नव्हतेच. लपवायचंय काय त्यात? नवीन वर्षाला मी त्या घरातून उठलो, त्यानंतर उंबरा ओलांडलेला नाही. सगळा जिल्हा साक्षीला आहे."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. प्रेत सापडल्यावर गेलो तेवढाच."

"उठलात कशावरून?"

"कशावरून!" त्याने पणजोबांकडे हात केला. "या माणसानं काट्याकुट्यात घर उभं केलं. मेंढरं चोरीला जायची, माणसं मरायची. मग कमांडो निघायचे, निघणारच. आज आम्ही निघतो तसेच. आणि काका सांगतो, आपण खुनी! चार हाडं निघाली म्हणून! बाई, या देशात जिथे खणाल तिथे हाडं निघतात."

"हे मात्र खरं बोललात," इन्स्पेक्टर म्हणाली आणि उठली.

दारापर्यंत सोडायला आलेला रेनिअर मला हळूच म्हणाला, "डॉक्टरकाका, तुम्ही हिच्याबरोबर का फिरताय? आपल्या माणसांत राहायचंय ना तुम्हाला?"

गाडीत बसल्यावर मला जाणवलं की मी हसून मान हलवली होती.

"चांगली साक्ष दिली त्याने," इन्स्पेक्टर म्हणाली.

"कसली? तो तर त्या घरात गेलाच नाही म्हणतो."

"तेच म्हणते मी."

६

गिडिअनची मुलगी आनेली केपटाऊनहून अंत्यविधीसाठी आली. दफनाच्या सकाळी इन्स्पेक्टरने तिला स्वयंपाकघरातच गाठलं.

"हो, मला माहीत होतं," आनेली म्हणाली. "ईस्टरला आले होते तेव्हा मीही बसले त्यांच्याबरोबर. पप्पा साइअसला चांगला कप देत होते, तर तोच म्हणाला, तो कान डकवलेला द्या मालक, चांगला माझ्या हातून फुटायचा. तेव्हापासून तोच कप त्याचा." तिने डोळे पुसले. "मी हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून, की बरं वाटलं म्हणून, मला अजून कळत नाही."

"हे कप ठेवायचे कुठे?"

"आई होती तोवर दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठी. या वर्षी पप्पांनी सगळे इथे फळीवर आणले. ते बघा."

फळीवर निळे कप ओळीने होते. कान डकवलेला त्यांत नव्हता.

आम्ही दिवाणखान्यात गेलो. काचेच्या कपाटावर महिन्यांची धूळ, आतले कप्पे रिकामे. आणि मधल्या कप्प्यात, पूर्वी जिथे अख्खी रांग असायची तिथे, एकुलता एक कप. स्वच्छ धुतलेला. कानाला पिवळट डिंकाची रेघ.

आनेलीने हात पुढे केला. "हात लावू नका," इन्स्पेक्टर म्हणाली. "जेवणं होईपर्यंत तो इथेच राहू दे."

७

दफनानंतर रिवाजाप्रमाणे सगळे घरी जेवायला आले. पिवळा भात, मटण, कॉफी. आम्ही आत, शेतावरची माणसं बाहेर पायऱ्यांवर. साइअसच्या घरचं कुणी आलं नव्हतं. त्यांच्या झोपडीबाहेर कमांडोची गाडी उभी होती, त्यांच्याच संरक्षणासाठी, असं सांगण्यात आलं.

इन्स्पेक्टरने आम्हा चौघांना स्वयंपाकघरात बोलावलं. रेनिअर, ओकर्ट, आनेली आणि मी. दार लावलं. टेबलावर तिने तो पत्र्याचा मग ठेवला.

"खुन्याने ही एकच चूक केली," ती म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्यांनी ती डोळे झाकून खरी मानली, म्हणून त्याचं काम सोपं झालं. त्या दुपारी गिडिअनसाहेबांनी नेहमीसारखे दोन निळे कप मांडले होते. साइअस मेंढीपाशी अडकला आणि दुसराच कुणी आला. साहेबांनी त्याला बसवलं, कॉफी दिली. भांडण झालं. साहेब चुलीकडे वळले आणि त्याने गज मारला. मग टेबलावर बघतो तर दोन निळे कप. निळा कप म्हणजे बरोबरीचा पाहुणा, म्हणजे आपल्यापैकी कुणी. म्हणून त्याने स्वतःचा कप धुऊन ठेवून दिला, खिळ्यावरचा मग आणला, त्यात कॉफी ओतली. झाला साइअस खुनी!"

"झालाच की," रेनिअर म्हणाला. "हे सगळं पाहिलं कुणी?"

"कुंभारमाशीने. हा मग उन्हाळ्यापासून कुणाच्या ओठाला लागलेला नाही. साइअस या खुर्चीवर बसून निळ्या कपातून प्यायचा. आनेलीबाईंना माहीत आहे. ओकर्टसाहेबांनाही."

रेनिअरने एकदा ओकर्टकडे, एकदा आनेलीकडे पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या.

"ज्यांना हे माहीत होतं, त्यांनी मग कशाला आणला असता? ते निळा कप तसाच ठेवते आणि गावभर सांगते, बघा, डोक्यावर चढवून ठेवला आणि काय झालं. मग आणला तो अशा माणसाने, ज्याला या घराची उन्हाळ्याआधीचीच रीत ठाऊक होती. कपसुद्धा त्याने त्या रीतीप्रमाणे दिवाणखान्यात नेऊन ठेवला. आता मला सांगा, या घरची जुनी रीत पाठ असलेला, आणि नवीन वर्षापासून ज्याने इथे पाऊल टाकलं नाही असा माणूस कोण? साक्षीला म्हणे सगळा जिल्हा आहे."

रेनिअरने पत्र्याचा मग बोटाने दूर सारला.

"गप्पा आहेत या," रेनिअर म्हणाला. "कोर्टात मातीचं ढेकूळ दाखवणार?"

"ते बघू." इन्स्पेक्टर आत गेली आणि रुमालात धरून कप घेऊन आली. मगाशेजारी ठेवला, कानावरची डिंकाची रेघ त्याच्याकडे वळवून. "हा कप ओळखीचा आहे ना? आनेलीबाई, हा कुणाचा?"

"साइअसचा," आनेली म्हणाली. "रोजचा."

"म्हणजे पाहुण्याने साइअसचं उष्टं भांडं तोंडाला लावलं."

रेनिअरचा हात वर गेला. त्याने मुद्दाम नेला नव्हता, आपसूक गेला. बाहीने त्याने ओठ पुसले, एकदा, मग पुन्हा, जोरात, कातडं सोलून निघेल असे. आम्ही तिघं बघत राहिलो. आणि त्याला कळलंसुद्धा नाही आपण काय बोलतोय ते.

"त्याच्यातच दिली मला? सख्ख्या पुतण्याला, त्याच्या कपात?"

ओकर्ट खुर्चीत बसला. इन्स्पेक्टरने दार उघडून शिपायाला हाक मारली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याचं कारण रेनिअर खुनी निघाला हे नव्हतं. तो ओठ पुसत होता तेव्हा माझा हातसुद्धा टेबलाखाली हलला होता.

८

साइअस आठवड्याने शुद्धीवर आला. कान कायमचा गेला, जबडा तारेने बांधलेला. दाराशी बसवलेला पोलिस मी स्वतः घालवला, त्यात शौर्य एवढंच होतं की मी आवाज चढवला.

खुर्ची ओढून मी त्याच्या चांगल्या कानाशी बसलो आणि सगळं सांगितलं. रेनिअर कोठडीत आहे. वकील पुन्हा येणार आहे, बापाचा शब्द पाळायचा असं आनेली म्हणते. मारणाऱ्यांची नावं इन्स्पेक्टरने माझ्याकडून घेतली आहेत. ती दिल्यापासून चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटाच बसतो, हे मात्र मी सांगितलं नाही.

"कपामुळे सुटलास बघ," मी म्हणालो. "ती बाई हुशार म्हणून. नाहीतर कुणाला कळणार होतं?"

साइअस छताकडे बघत होता. मग तारेतून हळूहळू, एकेक शब्द सोडवत बोलायला लागला.

"मी सांगितलं होतं, डॉक्टर."

"कुणाला?"

"त्या पोरांना. कुंपणापाशी. टेबलावर तुझा मग सापडला म्हणाले, तेव्हाच सांगितलं. मी मगातनं पीत नाही, मालकांच्या टेबलाशी निळ्या कपातनं पितो, आनेलीताईंना विचारा. तोवर नुसतं मारत होते. ते ऐकलं आणि जबडा फोडला. म्हणाले, मेलेल्या मालकावर असली घाण उडवतोस? पुन्हा तोंडातून काढलंस तर बघ."

बाहेर सिस्टर औषधांची गाडी ढकलत गेली. मला वाटलं तो झोपला. पण त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ओठ शिवताना पाहिलं होतं तसंच.

"मग वाटलं, शिकलेल्या माणसाला सांगावं. तुमचा हात धरला. दोनदा धरला."

"साइअस..."

"तुम्ही म्हणालात, बोलू नकोस."

मी वाकून त्याचा ओठ तपासला, दुसरं काय करणार होतो. टाके छान बसले होते. एकही सुटला नव्हता.